सिंहाच्या डोळ्यांतले पाणी



रविवारचा धर्मशिक्षणवर्ग सुटल्यावर पालक आमच्याशी बोलायला थांबतात, तेव्हा अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. आमच्या बेळगावची मुले घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी. शाळेच्या वाचनालयातून ती नार्नियाची पुस्तके घरी आणतात. काहींनी २००५ साली आलेला सिनेमाही पाहिलेला असतो. आईवडील पुस्तक चाळतात. त्यात चेटकीण दिसते, जादू दिसते, बोलणारे प्राणी दिसतात, आणि त्यांना काळजी वाटते. हे आपल्या ख्रिस्ती घरात वाचावे का?

दुसऱ्या काही पालकांनी कुठेतरी ऐकलेले असते की या गोष्टीतला सिंह म्हणजे येशू. त्यांची मागणी वेगळी असते. कोणते चिन्ह म्हणजे काय याचा एक तक्ता करून द्या, मुलांकडून पाठ करून घेऊ, असे ते म्हणतात.

दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. या दोहोंचे उत्तर आम्हाला त्या पुस्तकांच्या इतिहासात सापडते, आणि तो इतिहास एका आजारी आईपासून सुरू होतो.

बेलफास्ट, १९०८

नार्नियाचे लेखक क्लाइव्ह स्टेपल्स लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात झाला. वडील अल्बर्ट वकील होते. आई फ्लोरा गणित आणि तर्कशास्त्र शिकलेली पदवीधर होती. त्या काळी स्त्रीसाठी ही साधी गोष्ट नव्हती. फ्लोराचे वडील बेलफास्टच्या संत मार्क चर्चचे पाळक होते, आणि त्याच चर्चमध्ये छोट्या लुईसचा बाप्तिस्मा झाला. घरात पुस्तकेच पुस्तके होती. तीन वर्षांनी मोठा भाऊ वॉरन आणि धाकटा लुईस माळ्यावर बसून कपडे घातलेल्या, बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी रचत असत.

१९०८ च्या सुरुवातीला फ्लोरा आजारी पडली. कर्करोग होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे शस्त्रक्रिया घरीच झाली. थोडे बरे वाटले, मग पुन्हा बिघडले. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याला कुणीतरी शिकवले होते की विश्वासाने केलेली प्रार्थना ऐकली जाते. म्हणून तो मनावर जोर देऊन, आई बरी होणारच असा विश्वास स्वतःमध्ये निर्माण करायचा प्रयत्न करीत राहिला. २३ ऑगस्ट १९०८ रोजी आई गेली. त्यानंतरही तो थांबला नाही. आता चमत्कार होईल, असे मागत राहिला. चमत्कार झाला नाही. काही आठवड्यांतच वडिलांनी त्याला समुद्रापलीकडे, इंग्लंडच्या एका निवासी शाळेत पाठवले.

लुईस यांनी हे सारे पुढे १९५५ साली 'सरप्राइज्ड बाय जॉय' या आत्मकथनात सांगितले. त्यात त्यांनी स्वतःच्या त्या बालप्रार्थनेकडे फार स्पष्ट नजरेने पाहिले आहे. ते म्हणतात की मी तेव्हा देवाकडे गेलो तो प्रेमाने नाही आणि भयानेही नाही. मला तारणारा नको होता, न्यायाधीशही नको होता. मला जादूगार हवा होता. त्याने यावे, आईला बरे करावे आणि निघून जावे, म्हणजे घर पुन्हा पूर्वीसारखे चालू होईल.

हा शब्द लक्षात ठेवू या. जादूगार. पुढे तो पुन्हा येणार आहे.

उत्तरे पाठ, मन रिकामे

निवासी शाळांच्या त्या वर्षांत लुईस यांचा विश्वास गेला. तरीही १९१४ साली त्यांनी दृढीकरण संस्कार घेतला. वडिलांपुढे खरे बोलण्याचे धैर्य नव्हते, म्हणून विश्वास नसताना घेतला. आमच्यासारख्या धर्मशिक्षकांनी इथे जरा थांबावे. मुलगा हुशार होता, पाळकाचा नातू होता. त्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येत नव्हती असे कुणी म्हणू शकले नसते. पण ज्या दरवाजाने देव मनात शिरतो तो आतून बंद होता, आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

मार्च १९१६ मध्ये, सतरा वर्षांच्या या निरीश्वरवादी तरुणाने लेदरहेड गावच्या रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवरून एक जुने पुस्तक विकत घेतले. जॉर्ज मॅकडोनाल्ड यांचे 'फँटास्टिस'. त्यात धर्मोपदेश नव्हता, एका परीलोकाची भटकंती होती. पण वाचताना लुईस यांना काहीतरी स्वच्छ, पवित्र असे जाणवले आणि त्याला काय म्हणावे ते कळेना. पुढे मागे वळून पाहताना ते म्हणाले की त्या दिवशी माझ्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा झाला. बाकीच्या माणसाला मात्र अजून बरीच वर्षे लागायची होती.

हे मॅकडोनाल्ड स्कॉटलंडचे. जन्म १८२४ चा. ते पाळक होते, पण देवाची दया फार दूरवर पोहोचते असे ते सांगत, आणि मंडळीतल्या वजनदार लोकांना ते पसंत नव्हते. १८५३ मध्ये त्यांना पाळकपद सोडावे लागले. व्यासपीठ गेले तेव्हा त्यांनी गोष्टी लिहिल्या. 'अॅट द बॅक ऑफ द नॉर्थ विंड' हे १८७१ चे, 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' हे १८७२ चे. पहिल्यात उत्तरेचा वारा एका स्त्रीच्या रूपाने गरीब गाडीवानाच्या मुलाकडे येतो. ती कठोरही आहे आणि मायाळूही. मरणाची गोष्ट मुलांशी बोलण्याची ती एक वाट होती. मॅकडोनाल्ड आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली होती.

लुईस यांचे मित्र आणि 'द हॉबिट'चे लेखक जॉन रोनाल्ड टोल्किन यांचीही हीच कहाणी. त्यांची विधवा आई मेबल हिने १९०० साली कॅथलिक धर्म स्वीकारला. त्यामुळे नातेवाइकांनी पाठ फिरवली, पैशाची मदत थांबली. १९०४ साली ती मधुमेहाने गेली. इन्सुलिनचा शोध तेव्हा लागायचा होता. टोल्किन बारा वर्षांचे होते. फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी दोन्ही अनाथ भावांना सांभाळले. आईने माझ्या विश्वासासाठी प्राण वेचला, असेच टोल्किन आयुष्यभर मानत आले.

मुलांच्या अद्भुत गोष्टींत ख्रिस्ताची खूण ठेवणारे हे तीन मोठे लेखक, आणि तिघेही लहानपणीच आईविना झालेले. यावरून आम्ही नियम काढत नाही. पण ही चिन्हे अभ्यासिकेत बसून धर्मसिद्धान्तावर रंग चढवण्यासाठी बनवलेली नव्हती, एवढे तर दिसतेच. लहानपणीच्या मोठ्या दुःखाशी त्यांची ओळख जुनी होती.

मध्यरात्रीची फेरी

पहिल्या महायुद्धात लुईस आघाडीवर गेले, एप्रिल १९१८ मध्ये जखमी झाले आणि वाचले. १९२५ पासून ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवू लागले. टोल्किन त्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. तिशीच्या आसपास लुईस यांनी देव आहे हे मान्य केले, पण ख्रिस्ताचे मरण आपल्याला कसे तारते ते त्यांना उमगत नव्हते.

१९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री टोल्किन आणि ह्यूगो डायसन हे दोन मित्र त्यांच्याबरोबर कॉलेजच्या नदीकाठच्या पायवाटेवर फिरत होते. बोलणे पहाटेपर्यंत चालले. मित्रांचे म्हणणे साधारण असे होते: जुन्या दंतकथांमध्ये एखादा देव लोकांसाठी मरतो आणि पुन्हा उठतो, तेव्हा तू हेलावून जातोस. तिथे तू अर्थ विचारत नाहीस, गोष्टीला तुझ्यावर काम करू देतोस. मग शुभवर्तमानापाशी येऊनच तू हिशेब का मागतोस? तीही तशीच गोष्ट आहे. फरक एवढाच की ही खरोखर घडली. पंतय पिलाताच्या वेळी, एका ठरावीक गावी.

नऊ दिवसांनी, २८ सप्टेंबरला, लुईस भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून एक प्राणिसंग्रहालय पाहायला निघाले. निघताना येशू देवाचा पुत्र आहे असे ते मानत नव्हते. पोहोचले तेव्हा मानत होते.

सिंह आला

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले. बॉम्बच्या भीतीने लंडनची मुले गावोगावी पाठवली गेली, आणि काही मुले लुईस यांच्या घरीही राहायला आली. आईवडिलांपासून दूर आलेल्या या मुलांना पाहून त्यांनी एक गोष्ट सुरू केली, पण ती तेव्हा पुढे सरकली नाही. त्यांच्या मनात सोळाव्या वर्षापासून एक चित्र होते. बर्फाळ रान, आणि त्यातून छत्री व पुडकी घेऊन चाललेला, बोकडाच्या पायांचा एक वनमानव. चाळिशी उलटून गेल्यावर त्यांनी त्या चित्राची गोष्ट लिहायला घेतली. पुढे काय होणार हे त्यांनाही ठाऊक नव्हते. मग एक सिंह उडी मारून गोष्टीत आला आणि त्याने सगळी गोष्ट आपल्यामागे ओढून नेली. त्या दिवसांत त्यांना सिंहांची स्वप्ने पडत असत. सिंहाचे नाव अस्लान. तुर्की भाषेत त्याचा अर्थच सिंह.

'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' हे पहिले पुस्तक १९५० साली निघाले आणि १९५६ पर्यंत सात पुस्तके पूर्ण झाली. गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. चार भावंडे एका कपाटातून नार्नियात जातात. एडमंड मिठाईच्या लोभाने आपल्या भावंडांशी द्रोह करतो. कायद्याप्रमाणे त्याचा जीव पांढऱ्या चेटकिणीचा होतो. अस्लान त्याच्या जागी स्वतःला देतो. त्याची आयाळ कापली जाते, थट्टा होते, त्याला दगडी मेजावर बांधून मारतात. रात्रभर दोन मुली त्याच्या देहापाशी रडत राहतात. पहाटे मेज दुभंगते आणि अस्लान जिवंत उभा असतो. गुड फ्रायडेपासून ईस्टरच्या पहाटेपर्यंतची वाट आपण वर्षानुवर्षे चाललो आहोत. कबरेपाशी गेलेल्या स्त्रिया आपल्याला इथे लगेच ओळखू येतात.

पुढच्या पुस्तकांतही अशा खुणा आहेत. एका मुलाचे ड्रॅगन होते आणि सिंह त्याची कातडी सोलून त्याला पाण्यात टाकतो, तेव्हा आपल्याला बाप्तिस्मा आठवतो. किनाऱ्यावर एक कोकरू विस्तवावर मासे भाजून मुलांना न्याहारीला बोलावते आणि पाहता पाहता सिंह होते. तिथे योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आहे, आणि प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायातला यहूदाचा सिंह व वधलेला कोकरा हेही आहेत.

तरीही या पुस्तकांना तक्ता लावायला लुईस तयार नव्हते. १९५४ साली अमेरिकेतल्या एका वर्गातील मुलांना त्यांनी पत्राने समजावले की मी 'हे म्हणजे ते' असे ठरवून लिहिलेले नाही. मी एवढेच म्हटले की समजा, नार्नियासारखा एक देश असता आणि जसा देवाचा पुत्र आपल्या जगात माणूस झाला तसा तो तिथे सिंह झाला असता, तर काय झाले असते? त्याआधी, १९५३ मध्ये, एका लहान मुलीने अस्लानचे दुसरे नाव विचारले होते. लुईस यांनी नाव सांगितलेच नाही. नाताळच्या वेळी जन्मलेला, दुसऱ्यांच्या अपराधासाठी मेलेला आणि पुन्हा जिवंत झालेला असा आपल्या जगात कोणी आहे का, एवढे विचारून त्यांनी उत्तर तिच्यावर सोपवले.

याचे कारण त्यांनी १९५६ च्या एका लेखात दिले. लहानपणी त्यांना सांगितले जाई की देवाबद्दल, ख्रिस्ताच्या दुःखाबद्दल अमुक वाटलेच पाहिजे. वाटलेच पाहिजे म्हटले की वाटणे थांबते. मग याच गोष्टी रंगीत काचांच्या आणि रविवारच्या वर्गाच्या बाहेर, एखाद्या अनोळखी देशात भेटल्या तर? मनाच्या दारावर बसलेले पहारेकरी चुकवून त्या आत जाणार नाहीत का?

सफरचंद

आता त्या नऊ वर्षांच्या मुलाकडे परत येऊ. 'द मॅजिशियन्स नेफ्यू', म्हणजे जादूगाराचा भाचा, हे पुस्तक १९५५ साली प्रसिद्ध झाले. आत्मकथनही त्याच वर्षी. पहिल्या पुस्तकानंतर लगेच लुईस यांनी हे पुस्तक हातात घेतले होते, पण ते सर्वांत शेवटी पूर्ण झाले. मध्ये बाकीची पुस्तके लिहून झाली. आतली गोष्ट वाचली की एवढा वेळ का लागला असेल याचा अंदाज येतो.

डिगरी नावाचा मुलगा लंडनमध्ये मामा-मावशीकडे राहायला आला आहे. वडील दूर हिंदुस्थानात आहेत. आई त्याच घरात अंथरुणाला खिळलेली आहे आणि ती जगणार नाही असे मोठी माणसे कुजबुजतात. त्याचा अँड्र्यूमामा जादूगार आहे. त्याने अंगठ्या बनवल्या आहेत, पण स्वतः धोका पत्करण्याऐवजी तो मुलांवर प्रयोग करतो. नियम सामान्यांसाठी असतात, माझ्यासारख्या थोरांसाठी नाहीत, अशी त्याची समजूत आहे. त्या अंगठ्यांमुळे डिगरी आणि त्याची मैत्रीण पॉली एका मेलेल्या जगात पोहोचतात. तिथे डिगरी मोहाला बळी पडून एका दुष्ट राणीला जागे करतो. फिरत फिरत सगळे एका रिकाम्या, अंधाऱ्या जगात येतात, आणि तिथे अस्लान गाऊ लागतो. त्याच्या गाण्यातून तारे, डोंगर, गवत, प्राणी निर्माण होतात. उत्पत्तीचा पहिला अध्याय एखाद्या मुलाने डोळ्यांनी पाहावा, तसे ते दृश्य आहे.

डिगरीच्या मनात मात्र एकच गोष्ट असते. तो अस्लानजवळ आईसाठी औषध मागतो. अस्लान काही बोलत नाही. निराश झालेला डिगरी इतका वेळ सिंहाच्या पंजांकडेच पाहत असतो. आता तो मान वर करतो आणि पाहतो तर सिंहाच्या डोळ्यांत अश्रू आहेत. त्याच्या स्वतःच्या अश्रूंपेक्षा मोठे. आपल्या आईचे दुःख आपल्याहून या सिंहालाच जास्त झाले आहे, असे त्या मुलाला क्षणभर वाटते.

१९०८ च्या त्या मुलाला जादूगार हवा होता. जादूगाराच्या डोळ्यांत पाणी येत नाही. तो काम करतो आणि जातो. आता सत्तेचाळीस वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात तोच मुलगा पुन्हा उभा आहे. जादूगार त्याच्या घरातच आहे, आणि आईला बरे करायची त्याची ऐपत नाही, इच्छाही नाही. समोर सिंह आहे. त्याने अजून काहीच दिलेले नाही, कसले वचनही दिलेले नाही. पण तो रडतो आहे.

मग अस्लान त्याला काम देतो. दूरच्या बागेतून एक सफरचंद आणायचे. तेही आईसाठी नव्हे, तर त्याच्या चुकीमुळे ज्या नव्या जगात दुष्टाई शिरली, त्या जगाच्या रक्षणासाठी. बागेत राणी त्याला गाठते. हे फळ घेऊन सरळ आईकडे जा, ती बरी होईल, सिंहाला काय कळणार आहे, असे ती म्हणते. आदाम आणि हव्वेच्या बागेतला मोह इथे एका मुलाच्या सर्वांत पवित्र प्रेमाचा वेश घेऊन येतो. डिगरी थरथरतो. पण शब्द मोडत नाही. फळ तो सिंहाच्या स्वाधीन करतो, आणि आईची आशा आपण सोडून आलो असेच त्याला वाटते. गेथशेमाने बागेतली प्रार्थना आठवावी अशी ही जागा आहे. त्यानंतरच, त्या फळातून उगवलेल्या झाडाचे एक सफरचंद अस्लान स्वतः त्याच्या हातात देतो. आई बरी होते. चोरलेले फळही तिला बरे करू शकले असते, असे अस्लान सांगतो, पण त्या जगण्यात आनंद राहिला नसता. पुढे एके दिवशी दोघांनाही वाटले असते की त्यापेक्षा त्या आजारातच मरण आलेले बरे होते.

जादूबद्दलच्या काळजीचे उत्तर आम्हाला इथे दिसते. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात चेटूक आणि मंत्रतंत्र निषिद्ध आहेत, आणि ती आज्ञा आपण पाळतोच. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शिमोन जादूगार पेत्रापुढे पैसे ठेवून सामर्थ्य विकत मागतो. प्रभू नको, सामर्थ्य तेवढे हवे, ही जादूची मूळ वृत्ती. लुईस यांचे हे पुस्तक त्या वृत्तीच्या बाजूचे नाही. जादूगार मामाची त्यात हसवून हसवून फजिती होते. अधिक अवघड गोष्ट ते पुढे सांगते. प्रार्थना करणाऱ्या भक्ताच्या मनातही एक छोटा शिमोन बसलेला असू शकतो.

या पुस्तकांत सगळेच स्वीकारावे असे नाही. 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये पगडी घालणाऱ्या, सावळ्या वर्णाच्या दक्षिणेकडच्या लोकांचे चित्र ज्या पद्धतीने रंगवले आहे, ते आपल्या मुलांना खटकेल आणि खटकावेही. त्या काळच्या इंग्लंडची नजर त्यात उतरली आहे. मुलांशी हे मोकळेपणाने बोलावे.

पुस्तकात आई वाचली, घरात नाही

इथे एक खरी अडचण उभी राहते. डिगरीची आई बरी झाली, फ्लोरा लुईस बरी झाली नाही. मग ही गोष्ट म्हणजे मनाची समजूतच ना?

लुईस यांच्या पुढच्या आयुष्याने हा प्रश्न त्यांना पुन्हा विचारला. १९५६ साली त्यांनी जॉय डेव्हिडमन यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी जॉय यांना कर्करोग असल्याचे कळले. आईचाच रोग. मार्च १९५७ मध्ये रुग्णालयातील खाटेपाशी ख्रिस्ती विवाहविधी झाला आणि एका धर्मगुरूंनी हात ठेवून प्रार्थना केली. जॉय उठून चालू लागल्या. दोघे आयर्लंडला गेले. मग रोग परत आला, तरीही दोघे ग्रीसला जाऊन आले, आणि १३ जुलै १९६० रोजी त्या गेल्या. त्यांच्या आधीच्या विवाहातली दोन मुले घरात होती, दोघेही किशोरवयीन. बेलफास्टच्या घरात जे घडले होते तेच पुन्हा घडले. फरक एवढाच की आता लुईस वडिलांच्या जागी होते.

अस्लानचे अश्रू लिहिणाऱ्या या माणसाने तेव्हा काय केले? देवाने आपल्या तोंडावर दार लावून घेतले असे वाटते, हे त्यांनी लिहून ठेवले आणि १९६१ साली टोपणनावाने छापलेही. लपवले नाही. पण त्याच छोट्या पुस्तकात पुढे ते सांगतात की ते दार मला आता तसे कडी लावलेले वाटत नाही. उत्तर मिळालेले नाही, तरी त्या न बोलण्यात कुणीतरी करुणेने पाहत असावे असे वाटते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचेही निधन झाले.

योहानाच्या अकराव्या अध्यायात प्रभू लाजराच्या कबरेपाशी येतो. काही क्षणांत आपण त्याला उठवणार आहोत हे प्रभूला ठाऊक आहे. तरी तो आधी रडतो. मार्था आणि मरिया यांच्या दुःखाला वळसा घालून तो चमत्काराकडे जात नाही. आणि लाजर उठला तरी पुढे कधीतरी तो पुन्हा मेलाच. बेथानीतला तो चमत्कार ही एक खूण होती, शेवटचे पुनरुत्थान अजून पुढे होते. डिगरीच्या आईचे सफरचंदही आम्ही असेच वाचतो. सगळ्या आया बऱ्या होतील असे ते म्हणत नाही. ज्याच्याकडे आपण मागतो तो कोण आहे, ते सांगते.

आपल्या वर्गात

गोष्टीची ही भूक आपल्या भाषेला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांच्या मराठी 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभीच एक प्रसंग आहे. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे ऐकल्यावर एक ब्राह्मण गृहस्थ पाद्रीगुरूंना विनंती करतो की हे शिकणे चांगले आहे, पण आमची जुनी पुराणे आता राहिली नाहीत, तर वाचायला आम्हाला ख्रिस्ताचे पुराण द्या. १६१६ साली छापलेले ओव्यांचे ते मोठे पुराण हे त्या विनंतीचे उत्तर होते. प्रश्नोत्तरे टाकून दिली नाहीत, पण माणसांना गोष्टही लागते हे स्टीफन्स यांनी ओळखले.

म्हणून तक्ता मागणाऱ्या पालकांना आम्ही सांगतो की आधी मुलाला पुस्तक संपवू द्या. सिंह त्याला आवडू द्या. मेजापाशी रडायचे असेल तर रडू द्या. १९५५ साली अमेरिकेतल्या एका आईने लुईस यांना लिहिले होते की माझ्या मुलाला काळजी लागली आहे, आपण येशूपेक्षा अस्लानवर जास्त प्रेम करतो. लुईस यांनी लगेच उत्तर धाडले. अस्लानने जे केले आणि जे म्हटले त्यामुळे तो आवडतो ना, तर ते सारे येशूनेच केलेले आणि म्हटलेले आहे. म्हणजे अस्लानवर प्रेम करतो असे वाटते तेव्हा मुलाचे प्रेम येशूवरच आहे. मुलाने असे विचारले की मग शुभवर्तमान उघडावे. त्याने विचारायच्या आधी उघडले तर प्रश्न विचारण्याचा त्याचा आनंद आपण घेतलेला असतो.

आणखी एक विनंती आहे, आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या प्रत्येक वर्गात असे एखादे मूल असते ज्याच्या घरी कुणी आजारी आहे. ते प्रार्थना करते. आजूबाजूची प्रेमळ माणसे त्याला सांगतात, तू विश्वासाने माग, नक्की मिळेल. आणि मिळाले नाही तर ते मूल एकटे हिशेब मांडते: माझाच विश्वास कमी पडला. १९०८ मध्ये बेलफास्टच्या एका मुलाने असाच जोर लावला होता, आणि विश्वासाकडे परतायला त्याला कितीतरी वर्षे लागली. कृपा करून कोणत्याही मुलावर हे ओझे ठेवू नका. त्याच्याजवळ बसा. लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला, ते वाचून दाखवा. आणि घरात ते पुस्तक असेल, तर डिगरी मान वर करतो ते पानही.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, यहूदाच्या सिंहा आणि देवाच्या कोकरा, आम्ही कितीदा तुला जादूगार समजून हाक मारतो. तरी तू ऐकतोस. आजाऱ्यांच्या उशाशी जागणाऱ्या मुलांना तुझे डोळे दिसू देत. ज्यांना मागितलेले मिळाले नाही त्यांच्यापाशी तू थांब, आणि आम्हालाही त्यांच्यापाशी थांबायला शिकव. आमेन.